विषय: ९३ची देणगीदार यादी उघडत नाहीये, तातडीचं (पेंटर थांबलाय)

प्रेषक: लातूरकर

मंडळी नमस्कार,
वाचनालयात ९३च्या भूकंपनिधीच्या देणगीदारांच्या नावांचा बोर्ड लावायचं ठरलं होतं, तसं आज सुरू करायचं होतं. पेंटर सकाळपासून येऊन बसलाय, निळा रंग मारूनही झाला, आता नावं हवीत. खजिनदारकाकांच्या पेनड्राइव्हवर दोन फायली आहेत. पहिली .डब्ल्यूके१. नवा लॅपटॉप तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दुसरी एक्सेलची, .एक्सएलएस. ती आधी अडवली, मग 'प्रोटेक्टेड व्ह्यू' म्हणून पिवळी पट्टी दाखवत उघडली, पण नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. ३० तारखेच्या आत बोर्ड लागला पाहिजे. कुणाला काही माहिती असेल तर लगेच सांगा. इकडं दुपारी लाइट जाते.

प्रेषक: परभणीकर

सोपं आहे. फाइलच्या नावात .डब्ल्यूके१ खोडून .एक्सएलएसएक्स करा. नाही झालं तर गुगलवर फुकटचे कन्व्हर्टर ढिगानं आहेत, फाइल चढवायची, बदलून मिळते.

प्रेषक: नांदेडची ताई

दादा, कृपया यातलं काहीही करू नका. शेपूट बदलल्यानं आतला माल बदलत नाही, एक्सेल फक्त जास्त चिडेल. आणि कन्व्हर्टरच्या साइटवर तर मुळीच नको. त्या यादीत लोकांचे घरचे पत्ते आणि फोन आहेत.

डब्ल्यूके१ म्हणजे लोटस १-२-३, एक्सेलसारखाच हिशेबाचा जुना प्रोग्रॅम. एक्सेल २००३पर्यंत या फायली उघडायच्या, २००७च्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली. आयबीएमनं २०१४ साली लोटसचा सपोर्टही बंद केला. लिब्रेऑफिस उतरवून घ्या, फुकट आहे. त्याच्या कॅल्कमध्ये फाइल थेट उघडते, मग 'सेव्ह अॅज' करून .एक्सएलएसएक्स. दुसरी फाइल एक्सेल ९५ किंवा त्याच्याही आधीची असणार. तिच्यासाठी एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, त्यात 'फाइल ब्लॉक सेटिंग्ज'. जुन्या आवृत्त्यांसमोरची खूण काढा, काम झालं की परत लावा.

प्रेषक: माजी खजिनदार

फायली उत्तम स्थितीत आहेत. ९३ साली सगळे हिशेब लोटसमध्येच व्हायचे, त्याला मी काय करणार? तेव्हा कुणी पुढे आलं नाही, मी रात्री जागून पावत्या भरल्या. मूळ फायलींवर कुणीही 'सेव्ह' दाबायचं नाही. आधी कॉपी काढा, कॉपीवर काय गोंधळ घालायचा तो घाला. गणेशोत्सवाच्या हिशेबाचं काय झालं होतं ते सगळ्यांना आठवत असेलच.

प्रेषक: उमरगेकर

गणेशोत्सवाचं आता कामून काढलं? तो विषय संपला.

बोर्डाचा मजकूर मागच्या मेलमध्ये पाहिला. 'किल्लारी भूकंपग्रस्तांसाठी' एवढंच लिहिलंय. आमच्या सास्तूरला काय कमी सोसावं लागलं? अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते आडवे झाले होते, पहाटे चारच्या आत सगळं खाली आलं. माझी आत्या त्या रात्री उकडतंय म्हणून अंगणात बाज टाकून झोपली होती, म्हणून वाचली. मातीच्या माळवदाची घरं, भिंती हातभर रुंद, आत जो होता तो सापडलाच नाही. ५२ गावं उठवून नव्या जागी बसवली, आणि नाव एकाच गावाचं? 'किल्लारी-सास्तूर परिसर' लिहा.

प्रेषक: परभणीकर

उमरगेकरांशी सहमत. पण अक्षरं वाढली की पेंटर पैसे वाढवून मागतो, हेही बघा.

प्रेषक: लातूरकर

मजकुराचं संध्याकाळी बोलू. ताई, लिब्रेऑफिस चाललं! लोटसची यादी जशीच्या तशी उघडली, बेरजासुद्धा जुळल्या. त्यातली नावं रोमनमध्येच आहेत, ती हातानं मराठीत लिहून काढतोय.

मग दुसऱ्या फाइलमधल्या ओळी एक्सेलमध्ये कॉपी करून तिच्याखाली चिकटवल्या. आता नवीनच. काकांच्या पावतीपुस्तकात जी देणगी १० जानेवारी १९९५ची आहे, ती इथं ९ जानेवारी १९९१ दाखवते. म्हणजे भूकंपाच्या पावणेतीन वर्षं आधीच लोकांनी भूकंपनिधी दिला! तारखेच्या क्रमानं नावं लावायचं आपलं ठरलंय, म्हणून विचारतोय.

प्रेषक: औशाचे काका

तारखेच्या क्रमानं कधी ठरलं? मी त्या मीटिंगला होतो. रकमेच्या क्रमानं ठरलं होतं.

प्रेषक: वहिनी (न्यू जर्सी)

रकमेच्या क्रमानं अजिबात नको. त्या वेळी विद्यार्थी असलेल्या मुलांनी पाच-पाच डॉलर दिले होते, त्यांना तळाला ढकलायचं का? मी हॉलच्या दारात डबा घेऊन उभी होते, मला माहितीये कुणी काय परिस्थितीत दिलं.

प्रेषक: नांदेडची ताई

दुसरी फाइल मुळात मॅकवर बनलेली आहे का? एक्सेल तारीख म्हणजे दिवसांचा आकडा धरतो. विंडोजवर मोजणी १९००पासून, जुन्या मॅकवर १९०४पासून. एका फाइलमधून दुसरीत चिकटवताना आकडा तसाच येतो आणि मोजणीची सुरुवात बदलते. फरक बरोबर १,४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. एका रिकाम्या चौकटीत १४६२ लिहा, ती कॉपी करा, मग फक्त चिकटवलेल्या तारखा निवडून 'पेस्ट स्पेशल'मध्ये 'अॅड'. लोटसवरून आलेल्या तारखांना हात लावू नका, त्या बरोबर आहेत.

प्रेषक: वहिनी (न्यू जर्सी)

हो, ती वही माझ्या मॅकवरच तयार केली होती. तारखा-रकमा मी भरल्या. नावं नंतर खजिनदारकाकांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर मराठीत घातली. रोमन चांगली चालली होती.

प्रेषक: माजी खजिनदार

मराठी मंडळाची यादी मराठीत नको का? शिवाजी फॉन्ट वापरला होता, तेव्हा सगळे तोच वापरायचे. तो नसला की कचरा दिसणारच.

प्रेषक: परभणीकर

मग युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्ट नसला तरी दिसणाऱ्या मराठीत, आणून टाका एकदाचं. मी फॉन्टचा कन्व्हर्टर वापरलाय. थोडं इकडंतिकडं होतं, बाकी छान.

प्रेषक: लातूरकर

तारखा जुळल्या, ताई, लई उपकार. परभणीकर, काकांकडून फॉन्ट मागवला आणि तुमचा कन्व्हर्टरही चालवून पाहिला. थोडं इकडंतिकडं म्हणजे बघा: 'कुलकर्णी'चं 'कुलकणीर्', 'शिंदे'ची वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षरावर. रफार असलेलं एकही नाव सरळ नाही. पेंटर माणूस साधा आहे, दिसेल तसं काढणार, आणि ऑइल पेंट एकदा वाळला की झालं.

प्रेषक: उदगीरकर

काय करूलालाव तुम्ही सगळे? पेंटरला युनिकोड कशाला पायजे? फॉन्ट आलाय ना, लॅपटॉपमध्ये टाका, त्या रकान्याला लावा, नावं दिसतील. मोठ्या अक्षरात प्रिंट काढा आणि कागद त्याच्या हातात द्या. लाइट जायच्या आत.

प्रेषक: नांदेडची ताई

उदगीरकरकाका बरोबर बोलतायत. बोर्डापुरतं तेवढंच करा. फक्त पीडीएफही काढून ठेवा, तिच्यात फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे पुढच्या माणसाकडे तो नसला तरी नावं वाचता येतील. युनिकोडची यादी मी दिवाळीनंतर सावकाश, एकेक नाव तपासून करते. काका, मूळ फायलींना हात लावणार नाही.

प्रेषक: माजी खजिनदार

तपासायला मला पाठवावी. पावत्यांची स्थळप्रत फक्त माझ्याकडे आहे.

प्रेषक: औशाचे काका

क्रमाचं अजून ठरलेलं नाही.

प्रेषक: लातूरकर

प्रिंट निघाली, पेंटरनं पहिल्या दोन ओळी खडूनं आखल्यासुद्धा. क्रम तारखेचाच ठेवलाय, औशाच्या काकांनी राग मानू नये, त्यांचं नाव त्यात बरंच वर येतंय. वर 'किल्लारी-सास्तूर परिसर' घेतलं, पैसे वाढवले नाहीत.

आता पेंटर विचारतोय, 'कै.' कुणाकुणापुढं घालायचं? तिकडच्या लोकांचं मला नक्की माहीत नाही. वहिनी, पीडीएफ सोबत जोडलीय, तुम्ही आणि काकांनी मिळून आज रात्रीत खुणा करून पाठवा.

प्रेषक: उदगीरकर

माझ्यापुढं घालू नका म्हणावं. आणि माझ्या नावात 'राव' राहिलाय, तेवढा लिहा.