मदत हवी आहे: जर्मन गिऱ्हाईक एआय कायद्याचे कागद मागतंय. करावेत की नाद सोडावा?

मुळाकाठी
नमस्कार मंडळी. बाणेरला आमची नऊ जणांची कंपनी आहे. नोकरीसाठी आलेले अर्ज चाळून त्यातले कामाचे वर काढणारं सॉफ्टवेअर बनवतो. चाकणच्या गिऱ्हाइकांनी आजवर एकच प्रश्न विचारलाय, "अजून किती कमी कराल?" आता जर्मनीतल्या एका कारखान्याशी बोलणी चालू आहेत. किमतीबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत, थेट चार पानी प्रश्नावली पाठवली. मॉडेल कुठल्या डेटावर शिकवलं, बायका आणि पन्नाशीपुढचे उमेदवार मागे पडतात का, मशीनचा निर्णय माणसाला फिरवता येतो का, नोंदी किती दिवस ठेवता.

युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ला अमलात आला. नोकरभरती त्यातल्या 'जास्त जोखमी'च्या यादीत आहे आणि निकाल तिकडे वापरला जाणार म्हणून पुण्यात बसलेल्या आम्हालाही तो लागू. या यादीची मूळ तारीख २ ऑगस्ट २०२६, पण ती डिसेंबर २०२७पर्यंत ढकलायचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५मध्ये मांडला. भागीदार म्हणतो, तोवर दुबई-सिंगापूरकडे बघू.

माझं मन उलट सांगतंय. प्रश्नावली भरताना चाचणी घेतली, तर नोकरीत वर्षभराचा खंड असलेले अर्ज आमचं मॉडेल सरसकट तळाला टाकतं. बाळंतपणासाठी घरी राहिलेल्या सगळ्या त्यात गेल्या. तीन वर्षं हे विकतोय आणि आम्हालाच पत्ता नाही!

तर, बाहेरच्या संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावं लागेल का? छोट्या कंपन्यांना 'सँडबॉक्स' फुकट असतो म्हणे, तो आम्हाला मिळेल का? आणि हा खर्च कुणाचा खरोखर वसूल झालाय का? (व्हिडिओ मुलाखतीत चेहऱ्यावरून उमेदवार घाबरलाय की उत्साहात आहे ते सांगणारं फीचरही आहे, त्याबद्दल त्यांनी अजून विचारलेलं नाही.)

काळा डगला
तो कंस वाचून खुर्चीतून उठलो. कामाच्या ठिकाणी चेहरा-आवाजावरून भावना ओळखणं तिकडे २ फेब्रुवारी २०२५पासून बंदच आहे, भरतीही त्यातच धरतात. दंड साडेतीन कोटी युरो किंवा उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत. छोट्या कंपनीला यातली कमी असेल ती मर्यादा, पण तुम्हाला तीही झेपायची नाही. आधी ते फीचर काढा, मग बाकीचं बोलू.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर भरतीच्या सॉफ्टवेअरला बाहेरचा तपासनीस लागत नाही. तपासणी तुम्हीच करायची, सही तुमची, जबाबदारीही तुमची. छोट्यांना तांत्रिक कागदपत्रं सुटसुटीत नमुन्यात देता येतात. सँडबॉक्स म्हणजे नियामकाच्या देखरेखीखाली माल आजमावायची जागा. प्रत्येक सदस्य देशाने निदान एक तरी उभारायची आहे आणि छोट्यांना ती सहसा फुकट. रांगेत पुढचा नंबर मात्र युरोपात कार्यालय किंवा शाखा असलेल्यांना.

निफाडकर द्राक्षवाला
सॉफ्टवेअरमधलं मला कळत नाही, पण गोष्ट ओळखीची वाटली. २०१०ला आपली द्राक्षं युरोपात अडकली, क्लोरमेक्वाट क्लोराइडचा (वेलीची वाढ आवरायला फवारतात ते रसायन) अंश सापडला म्हणून. आम्हीही त्यांच्या कायद्याला मनसोक्त शिव्या घातल्या. ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांची सरकारी ऑनलाइन नोंद) बागेची नोंदणी २००६पासून होतीच, पण फवारणीची वही मी तेव्हापासून खरी लिहायला लागलो. आज परदेशी खरेदीदार बागेत पाय ठेवायच्या आधी वही मागतो. बाग तीच, वहीमुळे बोलणी दरापासून सुरू होत नाहीत.

तळटीप
दादा, दुसरी बाजूही सांगा की. वहीचा आणि लॅबचा खर्च दोन एकरवाल्याला आणि चाळीस एकरवाल्याला सारखाच बसतो. आमच्या भावकीतल्या दोघांनी एक्सपोर्ट सोडला तो त्याच पायी.

निफाडकर द्राक्षवाला
खरंय. जे टिकले ते गट करून टिकले. एकट्याने लॅबचं बिल भरलं असतं तर मीही नसतो.

मुळाकाठी
डगलासाहेब, चेहऱ्याचं फीचर काल रात्री बंद केलं. भागीदार दिवसभर बोलला नाही, संध्याकाळी स्वतःच खंड असलेल्या अर्जांची चाचणी परत लावून बसला. जर्मन कारखान्यातल्या बाईंना चूक आणि दुरुस्ती दोन्ही लिहून कळवलंय, उत्तर यायचंय.

द्राक्षवाले दादा, गटाची कल्पना डोक्यात घोळतेय. आमच्यासारख्या बाहेरच्या कंपनीला तिकडे अधिकृत प्रतिनिधीही नेमावा लागतो. इथे पुण्या-नाशकातल्या अशाच तीन-चार छोट्या कंपन्या असतील तर सगळ्यांनी मिळून एकच प्रतिनिधी नेमायचा का? कुणी तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.