आमरी की बांडगूळ?

गावाला आंब्यावर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे झुबके लोंबतायत, काकू त्याला सरळ 'बांडगूळ' म्हणते. पुस्तकात 'आमरी' आहे. ऑर्किडला नक्की मराठी शब्द कोणता?

---

आमरीच. बांडगूळ अजिबात नाही हो, बांडगुळाची मुळं फांदीच्या आत घुसून रस ओढतात आणि पुढे फांदी वाळते. आमरी नुसती सालीवर बसलेली असते, झाडाचं काही खात नाही. मुळं बघा, जाड, पांढुरकी, स्पंजसारखं आवरण, पाऊस पडला की हिरवट दिसायला लागतात, म्हणजे पाणी तिथूनच घेते. अशा झाडावर नुसत्या बसणाऱ्या वनस्पतींना शास्त्रीय पुस्तकांत अपिवनस्पती म्हणतात, पण बोलताना कोण म्हणतंय!

---

काकूंना एवढं झोडू नका. संस्कृतात 'वंदा' हा शब्द झाडावर वाढणाऱ्या असल्या वनस्पतींना होता आणि व्हॅंडा हे ऑर्किडच्या एका गटाचं शास्त्रीय नाव त्यावरूनच आलंय. म्हणजे घोटाळा जुनाच आहे. फक्त मराठीत बांडगूळ म्हटलं की दुसऱ्याच्या जिवावर जगणारा हाच अर्थ डोक्यात येतो, ती शिवी आमरीला कशाला? (बाकी ऑर्किडचा मूळ ग्रीक अर्थ वृषण, जमिनीत वाढणाऱ्या काही जातींच्या जोडकंदांवरून पडलेला, तो काकूंना सांगायला जाऊ नका.)

---

लोंबता झुबका म्हणजे बहुतेक सीतेची वेणी, मे-जूनमध्ये फुलते. आसामात हिलाच कपौ फूल म्हणतात, बिहूच्या नाचात मुली केसांत माळतात, तिथलं राज्यफूलही तेच. पण नावावर फार विसंबू नका, आपल्याकडे तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या आमरीलाही कुठे कुठे हेच नाव चालतं. आणि सगळ्या काही झाडावरच नसतात, सह्याद्रीत कातळावर शेवाळात बटणाएवढ्या चिकटलेल्या आमऱ्या पण असतात, पावसाळ्यात वाकून बघितलं तरच दिसतात.

---

शब्दाचं सोडा, खरा त्रास कोयत्याचा आहे. आंब्यावरची बांडगुळं काढायला माणूस चढवतात, बरोबरच आहे ते, पण त्याच्या लेखी झाडावरचं सगळंच बांडगूळ, मग आमरी पण खाली. आमरीचं बी धुळीसारखं बारीक, ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं, त्यामुळे गेलेली लवकर परत येत नाही. आम्ही गड्याला एवढंच सांगतो, पांढरी मुळं आणि पट्ट्यासारखी लांब पानं दिसली की हात लावायचा नाही.