सहल आठ दिवसांची, हप्ते तेरा महिन्यांचे

हिशेबवही

नमस्कार मंडळी,

परवा मागच्या सहलीचा शेवटचा हप्ता गेला. फोनवर मेसेज आला, बाकी शून्य. मी तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होते आणि हातात नेमका धाकट्याचा टीशर्ट होता, त्याच सहलीत घेतलेला. आता तो त्याच्या पोटावर चढतो. म्हणजे शर्ट पोराला तोकडा झाला तरी मी त्याचे पैसे फेडतच होते.

हिशेब माझ्या पगाराच्या मापात सांगते, ज्याने त्याने आपले आकडे घालून बघावेत. आठ दिवसांना दोन पगार लागले. साठवले होते दीड. पण सहलीच्याच महिन्यात विम्याचा वार्षिक हप्ता आणि दोघांची शाळेची फी आली, त्यात अर्धा पगार गेला. उरला एक. दुसरा कार्डावर टाकला. व्याज महिन्याला 3 टक्के. "तीनच तर आहे" असं तेव्हा वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. दरमहा पगाराचा दहावा भाग भरत गेले. दहा महिन्यांत फिटायला हवं होतं ना? बारा हप्ते पूर्ण गेले आणि वर तेरावा किरकोळ. पगाराच्या पाचव्या भागाहून जास्त रक्कम नुसती व्याजात गेली. आणि सहलीत उधळपट्टी म्हणावी असं काही केलं नव्हतं, हे जास्त लागतं.

आता दहा महिन्यांनी मुलांना पुन्हा मोठी सुट्टी आहे. सात दिवस, अंदाजे दीड पगार. कदाचित पहिल्यांदाच देशाबाहेर. नवरा म्हणतो, सहल काढून देणारा बिनव्याजी हप्ते देतोय, घेऊन टाकू. मला हप्ता हा शब्दच नको झालाय. पण माझं बचतीचं रेकॉर्ड वाईट आहे. महिनाअखेरीला जे उरेल ते बाजूला टाकायचं असं दरवेळी ठरवते, आणि महिनाअखेरीला पर्सच्या तळाशी नाणी सापडतात.

कसं जमवता तुम्ही लोक?

जुनी_खुर्ची

ताई, तुमचं रेकॉर्ड वाईट कुठे आहे? वर्षभर दर महिन्याला पगाराचा दहावा भाग न चुकता बाजूला काढलात. फरक एवढाच, की तो आधी खर्चून मग काढलात. त्या रकमेशिवाय घर चालवायची सवय तुम्हा सगळ्यांना लागलेली आहे, ती मोडू नका. कार्डाचा हप्ता ज्या तारखेला जायचा, त्याच तारखेला तेवढीच रक्कम आपोआप एका वेगळ्या खात्यात जाऊ द्या. त्या खात्याचं कार्ड पर्समध्ये नको. आणि सुरुवात याच महिन्यापासून. एक महिना जरी मध्ये मोकळा गेला तरी तो पैसा घरात मुरतो, मग पुन्हा बाहेर निघत नाही. दहा महिन्यांत एक पगार झाला. उरलेल्या अर्ध्याचं बघावं लागेल.

दुसरं असं की मागच्या वेळी तुमचं गणित सहलीने बिघडवलं नाही. विमा आणि फी वर्षातून एकदा येतात, पण येणार हे माहीत असतं. अर्ध्या पगाराला बाराने भागलं की पगाराचा चोविसावा भाग होतो. तो दरमहा तिसरीकडे ठेवा, सहलीच्या खात्यात मिसळू नका. मिसळलं की जो आधी येईल तो घेऊन जातो.

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं कंटाळवाणं सांगतो. बिलावर "कमीत कमी भरायची रक्कम" लिहिलेली असते. ती बाकीच्या 5 टक्के धरा आणि व्याज 3. म्हणजे शंभरावर पाच भरले तर तीन व्याजाचे, मुद्दल कमी झालं फक्त दोनाने. दर महिन्याला तेवढंच भरत राहिलात तर बाकी निम्मी व्हायलाच चौतीस महिने लागतात. संपायला नव्हे, निम्मी व्हायला. तुम्ही ठरावीक दहावा भाग भरत राहिलात म्हणून तेराव्यात सुटलात. आणखी एक गोम. बिल पूर्ण भरलं नाही की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. मग त्या महिन्यात दुकानातून आणलेल्या साबणावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल साहेबांना एकच सांगा. त्या माणसाला फोन करून विचारा, "सगळे पैसे रोख एकदम दिले तर किती?" तो आकडा खाली आला, की मधला फरक म्हणजे व्याज. वर प्रक्रिया शुल्क आहे का, तेही विचारा. आणि कोणी "सहलीसाठी 12 टक्क्यांनी कर्ज" म्हणालं तर सपाट दर की घटत्या शिल्लकीवर, हे पहिल्यांदा विचारा. वर्षभराच्या मासिक हप्त्यांवर सपाट 12 म्हणजे घटत्या शिल्लकीच्या हिशेबाने साधारण साडेएकवीस पडतात. कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर लावलेलं असतं.

एकटा_जीव

सगळे एवढे का घाबरतात कर्जाला? मुलं लहान एकदाच असतात. पाचवा भाग व्याज गेलं तर गेलं, आठवणी राहिल्या ना! पैसे साठेपर्यंत थांबलं की पोरं मित्रांबरोबर जायच्या वयाची होतात. मी तर म्हणतो घ्या आणि जा.

हिशेबवही

@एकटा_जीव, मुलं लहान एकदाच असतात हे खरंच आहे. म्हणूनच सांगते. त्या तेरा महिन्यांत थोरलीच्या शाळेची दोन दिवसांची सहल निघाली होती, तेव्हा मी तिला "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं. ती काही बोलली नाही, फॉर्म घडी करून दप्तरात ठेवला. ती घडी मला अजून आठवते. आठवणीच मोजायच्या तर तीही धरा.

@जुनी_खुर्ची, काका, हप्ता चालू ठेवायचं डोक्यातच आलं नव्हतं. मी तर सुटले म्हणून या महिन्यात पडदे घ्यायला निघाले होते.

सामानवाली

पडदे राहू देत गं. मी वर्षाआड एक सहल करते, सगळी रोखीत, आणि चुकाही भरपूर करून झाल्यात.

अंदाज करताना खर्चाचे दोन ढीग कर. एकदाच होणारा आणि रोज होणारा. तिकिटं, विमा, कागदपत्रं हे एकदाच. मुक्काम, खाणं, इकडून तिकडे फिरणं, प्रवेशशुल्क हे रोज. लोक तिकिटात चार पैसे वाचवायला रात्र रात्र जागतात, पण दिवसांची संख्या देवाने ठरवून दिल्यासारखी धरतात. समज तुझ्या शंभरातले चाळीस एकदाचे आहेत. उरलेले साठ सात दिवसांत वाटले की एक दिवस साडेआठला पडतो. तुझ्या दीड पगाराच्या मापात तो तुझ्या महिन्याच्या हप्त्याहून मोठा आहे! बरं, सातवा दिवस असतो कसला? सगळे थकलेले, एक जण आजारी, आणि खरेदी.

मुक्कामाची जागा फुकट रद्द करता येईल अशीच आधी धरून ठेव. मग अधूनमधून तीच जागा पुन्हा बघायची. भाव उतरला असेल तर नवीन धरायची आणि जुनी सोडायची. रद्द करायची शेवटची तारीख मात्र फोनमध्ये गजर लावून ठेव, मी एकदा एका दिवसाने चुकले. सुट्टीच्या पहिल्या शनिवारऐवजी मधल्या वारी निघता आलं तर तिकिटांतही फरक पडतो.

आता ज्या गोष्टी अंदाजात कोणी धरत नाही त्या. सामानाचं वजन. परतीच्या विमानतळावर आमची बॅग तीन किलोने जास्त भरली. दंड ऐकून मी तिथेच बॅग उघडली, दोन स्वेटर आणि नवऱ्याचं जाकीट एकावर एक अंगात घातलं आणि घामाघूम होऊन रांगेत उभी राहिले. मुलगी दहा हात लांब, ओळख नसल्यासारखी. पैसे वाचले, पण घरून वजन करून निघ.

हॉटेलं आणि गाडी भाड्याने देणारे कार्डावर अनामत अडकवून ठेवतात. बँक खात्याचं कार्ड दिलंस तर तुझेच पैसे काही दिवस अडकतात. खर्च झालेले नसतात, पण वापरताही येत नाहीत. हातात तेवढी जास्तीची रक्कम नसली की माणूस नाइलाजाने उधारीवर जातो. मी इथेच एकदा घसरले होते.

देशाबाहेर कार्ड दिलं की मशीन विचारतं, तुमच्या देशाच्या चलनात घेऊ की इथल्या? आपल्या चलनातला आकडा ओळखीचा दिसतो म्हणून बोट तिकडेच जातं. तिथलंच चलन निवड. दुसऱ्यात दर दुकानाकडची यंत्रणा ठरवते आणि तो बहुतेक वेळा महागच असतो. अनेक कार्डं परकीय चलनातल्या खर्चावर वर शुल्कही लावतात, ते निघायच्या आधी बँकेला विचारून घे.

आणि परत आल्यानंतरचा आठवडा! फ्रिज रिकामा, कपड्यांचा डोंगर, पगाराला अजून दहा दिवस. तो आठवडा सहलीच्याच खर्चात धर. माझ्याकडे त्याचं वेगळं पाकीट असतं, घरातच ठेवून जाते.

एकटा_जीव

@हिशेबवही, फॉर्मचं वाचलं. मी गप्प बसतो. (स्वेटरची युक्ती मात्र मी वापरणार.)

हिशेबवही

सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते सांगून जाते.

फोन नवऱ्यालाच करायला लावला, स्पीकरवर. "रोख एकदम दिले तर?" पलीकडे जरा शांतता, मग "साहेबांना विचारून सांगतो". संध्याकाळी आकडा आला, शंभराला सहा कमी. नवरा काही बोलला नाही. कॅल्क्युलेटर घेऊन बाल्कनीत गेला आणि परत आला तो स्वतःच म्हणाला की माझ्या निम्मी रक्कम तो दरमहा त्याच खात्यात टाकेल. दहा महिन्यांत माझा एक आणि त्याचा अर्धा. दीड जमतो.

सातचे सहा दिवस केले. धाकटा रुसलाय, पण त्याला सातव्या दिवशी काय करणार विचारलं तर त्यालाही सांगता येईना. जो दिवस कापला तोच आमचा अनामतीचा आणि अडीअडचणीचा पैसा. खर्च झाला नाही तर परतीच्या आठवड्याला.

अडलंय ते चोविसाव्या भागापाशी. काकांनी सांगितलं सोपं, पण तो काढायचा कुठून? फोन उघडून बसले तर तीन वर्गण्या सापडल्या ज्या आपोआप जात होत्या, त्यातली एक कशाची हे आम्हा दोघांनाही आठवेना. तिन्ही बंद केल्या. निम्मी सोय झाली असेल. उरलेलं अजून सुचलेलं नाही. सुचलं नाही तर सहल सहाऐवजी पाच दिवसांची होईल, विम्याचे पैसे यावेळी हलवणार नाही.

पहिला हप्ता उद्या जाईल, त्याच जुन्या तारखेला. आणि धाकट्याचा शर्ट यावेळी दोन मापं मोठा घेणार आहे.