मदत हवी आहे: पलंगाशी ओव्हर देताना पेशंटसमोर काय बोलायचं, काय नाही?

नमस्कार. मी इंदूरला एका खासगी रुग्णालयात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली. माहेर-सासर दोन्ही इथलंच, लोकमान्य नगरात राहते. इथे नर्सिंगमधल्या बऱ्याच जणी लिहितात म्हणून विचारते आहे.

आजवर आमची ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देणं, काउंटरवर व्हायची. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ. फायली पुढ्यात, रजिस्टर उघडलेलं, एकीने सांगायचं आणि दुसरीने लिहून घ्यायचं. दोन महिन्यांपासून मेट्रननी नियम केला की ओव्हर पेशंटच्या पलंगाशी उभं राहूनच द्यायची-घ्यायची. पहिला आठवडा सगळ्याच कुरकुरलो. मीही.

पण मला ही पद्धत मोडायची नाहीये, हे आधीच सांगते. दुसऱ्याच आठवड्यात एका काकांची चादर बाजूला केली तर हात कोपरापर्यंत सुजलेला. सलाईन शिरेबाहेर जात होतं. काउंटरवर मी 'आयव्ही चालू आहे' एवढंच लिहून घेतलं असतं आणि तासाभराने बघितलं असतं. आणखी एका पेशंटने आम्हाला बोलताना ऐकून स्वतःच सांगितलं की ह्या इंजेक्शनने मागे अंगावर गांध्या आल्या होत्या. फाइलमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. म्हणजे उपयोग आहे, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

अडचण वेगळीच आहे. गेल्या महिन्यात खरगोनकडचे एक शेतकरी आजोबा होते. पोटाचं ऑपरेशन झालेलं. त्यांना फक्त 'गाठ काढली' एवढंच माहीत होतं. मुलांनी हात जोडून सांगितलं होतं की बापाला कॅन्सर हा शब्द कळू देऊ नका. रात्रीची ओव्हर देताना आमची नवी मुलगी सरळ म्हणाली, "बायोप्सी आली, मॅलिग्नन्सी आहे, ऑन्कोला कळवलंय." शब्द इंग्रजी, पण आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दहा वाजता औषध द्यायला गेले तर म्हणाले, "सिस्टरजी, वो बच्ची क्या बोल के गई?" मी म्हटलं, सकाळी डॉक्टरसाहेब सांगतील. रात्रभर ते जागे होते. मी दर तासाला चक्कर मारली, पण त्यांच्याजवळ बसून बोलायचं धैर्य मला झालं नाही.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. एका ड्रेनची, म्हणजे ऑपरेशनच्या जागेतून पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, दुपारपासून नोंद नव्हती. मी पलंगापाशीच ज्युनिअरला विचारलं, "नोंद कुठे आहे?" तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पेशंटची बायको म्हणाली, इंजेक्शन त्या सिस्टरकडून नको. ती मुलगी चांगली काम करते. माझ्या एका वाक्याने तिच्यावरचा विश्वास गेला, आणि तो मला परत आणून देता येत नाही.

वेळेचंही आहेच. रात्री आठला नातेवाईक डबा घेऊन आलेले असतात. आम्ही पलंगाशी पोचलो की डिस्चार्ज कधी, बिल किती, जेवायला काय द्यायचं, सगळं एकदम सुरू होतं. वीस मिनिटांची ओव्हर पाऊण तासावर जाते आणि संध्याकाळच्या मुलींची घरी जायची बस चुकते.

तर ज्यांच्याकडे ही पद्धत रुळली आहे त्यांनी सांगा. पेशंटपासून लपवलेलं निदान कुठे बोलता? चूक दिसली तर तिथल्या तिथे काय करता? नातेवाइकांना बाहेर काढता का?

प्रतिसाद, बडोद्याहून

ताई, मी इथे मेडिसिन वॉर्डची इनचार्ज आहे. आम्हालाही सुरुवातीला असंच झालं. आम्ही ओव्हरचे दोन तुकडे केले. आधी ड्यूटी रूममध्ये, दार लावून, पेशंटसमोर बोलायचं नाही तेवढंच बोलायचं: न सांगितलेलं निदान, एचआयव्ही, पोलीस केस, घरातली भांडणं. चार-पाच मिनिटांत होतं. मग पलंगाशी. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 चा कायदाच आहे, त्यातले ठरावीक अपवाद सोडले तर संमतीशिवाय कुणाचीही स्थिती उघड करता येत नाही. म्हणून पलंगावर किंवा फाइलच्या दर्शनी भागावर वेगळी खूणही करू नका, शेजारचे पेशंट खुणा ओळखतात.

पलंगाशी तोंडापेक्षा डोळे जास्त वापरा. सलाईनची जागा, ड्रेन, युरोबॅग (लघवीची पिशवी), पाठीवर लाली आहे का, औषधाच्या पंपाचा वेग. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किंवा पोटॅशियम चालू असेल तर दोघींनी मिळून डॉक्टरांच्या ऑर्डरशी ताडून पाहायचं. चूक दिसली आणि पेशंटला त्या क्षणी धोका असेल तर लगेच दुरुस्त करायची, पण दोष काढायचा नाही. बाकीसाठी आमचं ठरलेलं वाक्य आहे: "फाइल आत बघू." ते ऐकलं की दोघींना कळतं.

नातेवाइकांसाठी पावणेआठलाच एक फेरी मारतो, "काही विचारायचंय का?" म्हणून. निम्मे प्रश्न तिथेच संपतात. बिलाचे प्रश्न काउंटरवर पाठवतो.

प्रतिसाद, इंदूरहूनच

मी नर्स नाही. आईला मागच्या वर्षी एकोणीस दिवस ॲडमिट केलं होतं. पहिले काही दिवस दोघी सिस्टर तिच्या डोक्यावरून बोलायच्या, "सात नंबर, शुगर वाढलेली, रात्री मोशन नाही." शेजारच्या पलंगावर सगळं ऐकू जायचं. आई चादर तोंडावर ओढून घ्यायची. मग एक सिस्टर आल्या, त्या आधी आईचा हात धरायच्या आणि म्हणायच्या, "आजी, मी आता घरी चालले. सकाळपर्यंत ह्या तुमच्याजवळ आहेत. काही सांगायचं राहिलंय का?" त्या दिवसापासून आई रात्री झोपायला लागली.

एक विनंती. नातेवाइकांना सरसकट बाहेर काढू नका. आईला ऐकू कमी येतं, मी तिथे नसते तर तिने सगळ्याला मानच हलवली असती. पेशंटलाच विचारा, कोण थांबलेलं चालेल.

मूळ लेखिका

दोघींचे मनापासून आभार. 'डोक्यावरून बोलायच्या' हे वाचून थांबले, कारण आम्ही तेच करतोय. वॉर्डभर पेशंटचं नाव घ्यायचं सोडून बेड नंबर म्हणतो.

त्या आजोबांना दुसऱ्या दिवशी सर्जननी मुलांना समोर बसवून सगळं सांगितलं. ते शांत होते. मला म्हणाले, "पहले बता देते तो रात को सो जाता." लपवायचं की नाही हे ठरवणं माझ्या हातात नाही, पण आता असा पेशंट असला की राउंडला डॉक्टरांना विचारणार, पेशंटशी कधी बोलणार आहात म्हणून.

ज्युनिअरशी मी काल बोलले आणि तिची माफी मागितली. आज दुपारी त्याच पेशंटच्या पलंगाशी ओव्हर घेताना मी मुद्दाम त्यांच्या बायकोला सांगितलं की ड्रेसिंग हिने केलंय, जखम छान भरतेय. खरंच छान भरतेय.

बडोद्याच्या ताई, एक राहिलं. आमच्याकडे रात्री चौदा पेशंटना दोघी आहेत. दोघी पलंगाशी असताना बेल वाजली तर कोण जातं? की जाणाऱ्या शिफ्टमधली एक मुलगी ओव्हर संपेपर्यंत वॉर्डात मोकळी ठेवता?