जुळ्या बहिणी रोइंगमध्ये: डबल, पेअर की आधी वेगवेगळ्या बोटी?

ऐरोलीकर: भाच्या जुळ्या, नववीत, दोघी 170 सेमीच्या आसपास. अर्गोमीटरवर (रोइंगच्या व्यायामयंत्रावर) बसून रोइंगचा नाद लागलाय. दोघींना एकाच बोटीत पुढे न्यावं असं घरच्यांचं म्हणणं. डबल स्कल धरावी की पेअर? आणि ठाण्याच्या खाडीत सराव जमेल का?

वल्हं_गेट: पेअर आत्ता नकोच. तिथे प्रत्येकीकडे एकच वल्हं. एकीने जरा जास्त ओढलं की बोटीचं नाक दुसरीच्या बाजूला वळतं. जुळ्या म्हणून उंची सारखी असेल, ताकद सारखी असेलच असं नाही. डबलमध्ये दोघींकडे दोन-दोन वल्ही, त्यामुळे जोर कमी-जास्त झाला तरी दिशा फारशी बिघडत नाही. शिवाय वाढत्या वयात पाठ एकाच बाजूला पिळली जात नाही.

सेटिंग: स्पॅन (दोन्ही बाजूंच्या गेटांमधलं, म्हणजे वल्हं अडकवायच्या खोबण्यांमधलं अंतर) 158-159 सेमी, इनबोर्ड (गेटपासून मुठीच्या टोकापर्यंतचा वल्ह्याचा भाग) 88. म्हणजे मुठी मध्यावर साधारण 17-18 सेमी एकमेकींवरून जातात, आणि नवख्यांची बोटं सोलतात ती इथेच. डावा हात वरून जाणार असेल तर डाव्या हाताकडचा गेट 1 ते 1.5 सेमी उंच ठेवा. दोन्ही सारखे ठेवले की बोट एका अंगावर कलते आणि मुली उगाच एकमेकींना दोष देतात.

सहाशेसात: घरच्यांना दोन उदाहरणं दाखवा. न्यूझीलंडच्या जॉर्जिना आणि कॅरोलिन एव्हर्स-स्विंडेल. डबल स्कलमध्ये 2002, 2003, 2005 ला विश्वविजेत्या, 2004 ला अथेन्समध्ये सुवर्ण. 2006 आणि 2007 मध्ये विश्वविजेतेपद हातून गेलं, आणि बीजिंगला 2008 मध्ये 7:07.32 वेळात पुन्हा सुवर्ण. जर्मनीची बोट 7:07.33! 2000 मीटरमध्ये एक शतांश सेकंद.

दुसरं उदाहरण जास्त उपयोगाचं. जर्मनीच्या केर्स्टिन आणि मान्या कोवाल्स्की या जुळ्यांनी सिडनीत 2000 मध्ये क्वाड्रपल स्कलमध्ये (क्वाड: चौघींची बोट, प्रत्येकीकडे दोन वल्ही) एकत्र सुवर्ण जिंकलं. 2004 च्या सुवर्ण जिंकणाऱ्या जर्मन क्वाडमध्ये केर्स्टिन होती, मान्या नव्हती. निवड बोटीची होते, जोडीची नव्हे. म्हणून दोघींना आधी सिंगलमध्ये (एकटीच्या बोटीत) वेगवेगळं बसवा आणि अर्गवरची 2000 मीटरची वेळ वेगवेगळी नोंदवा. ड्रॅग फॅक्टर (मशीनमधल्या हवेच्या अडथळ्याचा आकडा) दोघींना सारखा, 105-110 च्या आसपास. मशीनचा हवेचा खटका सर्वांत जास्त, 10 वर ठेवून कंबर धरून घेण्यात काही शौर्य नाही.

ओहोटी: खाडी विसरा. उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, ओहोटीला दोन्ही काठांना चिखल उघडा पडतो. शेलच्या (शर्यतीच्या अरुंद बोटीच्या) तळाची फिन, म्हणजे दिशा स्थिर ठेवणारी छोटी पट्टी, रुतली की तुटते, शिवाय मासेमारीची जाळी. ठाण्यातल्या तलावपाळीत दहा मीटर लांबीची बोट वळवतानाच जीव जाईल, सराव कसला! 2000 मीटरचा कोर्स पुण्यात सीएमईत (कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग) आहे, पण तो लष्करी आवार, परवानगीशिवाय आत जाता येणार नाही. आठवडाभर ठाण्यात अर्ग आणि पोहणं, पाण्यावर शनिवार-रविवार, एवढंच व्यवहार्य दिसतं. बोटीत बसण्याआधी कपड्यांसकट पोहता आलंच पाहिजे. बुटांच्या टाचेची दोरीही तपासा: टाच 7 सेमीपेक्षा जास्त उचलली जाता कामा नये, नाहीतर बोट उलटल्यावर पाय बुटातून सुटत नाही.

ऐरोलीकर: आभार. डबलमध्ये स्ट्रोकला (लय ठरवणाऱ्या जागी) कोणाला बसवायचं?

वल्हं_गेट: जिची लय मिनिटाला 20 स्ट्रोकवरही डगमगत नाही तिला. जास्त ताकदवान असेल तिलाच, असं काही नाही. मागची बो, तिच्याकडे दिशा आणि हाका. ती मान वळवून बघते तेव्हाच तिचा कॅच (पातं पाण्यात घालणं) उशिरा पडतो. दर पाच-सहा स्ट्रोकला, वल्ही पाण्याबाहेर असताना झटकन बघायची सवय लावा. काठावरून व्हिडिओ घेतला तर चारही पाती एकदम बुडतात का ते लगेच दिसतं. महिनाभराने जागा बदलून पाहा, आणि ते ठरवायचं काम प्रशिक्षकांवर सोडा. घरात ठरलं तर जेवणाच्या ताटावर भांडण.