वस्तीचं दारिद्र्य हटवू शकणारा उद्योजक ओळखायचा कसा?

रानवाट:
एका निधीतून पुढची पाच वर्षं एकाच उद्योजकाला पाठबळ द्यायचं आहे. अट अशी, की त्याच्या धंद्यामुळे एका गरीब वस्तीतल्या किमान दीडशे घरांचं उत्पन्न वाढावं आणि निधी संपल्यावरही टिकावं. तळमळ, जिद्द, दूरदृष्टी हे शब्द सगळ्याच अर्जांत आहेत, त्यामुळे त्यांवरून निवड होणार नाही. कोणते गुण खरंच लागतात आणि ते कामात कसे दिसतात? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

खतावणी:
सगळ्यात आधी एकच गुण तपासा: लोकांचे पैसे ठरल्या दिवशी चुकते करण्याची शिस्त. ज्या घरात शिल्लक नाही, त्या घराला दोन महिन्यांनी मिळणाऱ्या चांगल्या भावापेक्षा आज संध्याकाळी मिळणारा पडेल भावच घ्यावा लागतो. सावकार आणि मध्यस्थ टिकून राहतात ते याच कारणाने. चुकारा लांबवणारा उद्योजक कितीही प्रेमळ असो, लोक हळूहळू पुन्हा जुन्या व्यापाऱ्याकडे माल घालू लागतात.

ही शिस्त नुसत्या चांगुलपणावर चालत नाही, तिला आकडेमोड लागते. आठवड्याचा कच्चा माल आणि मजुरी मिळून खर्च १०० धरा. माल तयार व्हायला २ आठवडे, पोचायला १, आणि मोठा खरेदीदार पैसे देतो ८ आठवड्यांनी. म्हणजे पहिली रक्कम हातात येईपर्यंत साधारण ११००चा खर्च अडकलेला असतो आणि मजुरी तर दर आठवड्याला द्यायचीच असते. आता मागणी दुप्पट झाली, तर आणखी ११०० लागतात. खर्चावर १५ टक्के नफा सुटत असेल, तर जुन्या व्याप्तीच्या धंद्यातून तेवढे साठायला ७३ आठवडे जातील. समाजासाठी सुरू केलेले कितीतरी धंदे मोठी मागणी आल्यावरच बुडतात, त्याचं कारण हे. अशा वेळी उद्योजक पहिली उधारी करतो ती गरिबांकडून, कारण ते तगादा लावत नाहीत.

म्हणून विचारा: तुमचे पैसे किती आठवडे अडकतात? चांगला उमेदवार न अडखळता सांगतो. शिवाय ३० ते ५० टक्के आगाऊ रक्कम मिळाल्याशिवाय मोठी ऑर्डर घ्यायची नाही, किंवा मिळत नसेल तर तिचे तीन हप्ते करून माल द्यायचा, असे काही नियम त्याने आधीच ठरवलेले असतात. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येणं हा इथे फार मोठा गुण आहे.

तळपाणी:
खतावणी यांनी लिहिलंय ते गरिबांकडून माल घेणाऱ्या धंद्याचं. गरिबांना काही विकायचं असेल तर वेगळा गुण लागतो: गरीब माणसाला पारखी खरेदीदार मानणं.

बांगलादेशातला पायपंप पाहा, म्हणजे शेताला पाणी द्यायला पायाने चालवायचा पंप. दोन पायट्या, दोन सिलिंडर, बांबूची चौकट. पाणी शोषून वर ओढणारा असल्यामुळे पाणी सुमारे ७ मीटरपेक्षा खोल गेलं की तो निरुपयोगी. म्हणून जिथे भूजल उथळ तिथेच तो खपला. १९८०च्या दशकापासून असे दहा लाखांहून अधिक पंप तिथे विकले गेले. छोट्या कारखान्यांनी बनवले, दुकानदारांनी विकले, गावातल्या मिस्त्रींनी बसवले. या तिघांनाही थोडा थोडा नफा सुटत होता, म्हणून बसवल्यावर कुणी हात झटकले नाहीत आणि सुटे भाग मिळत राहिले. अशा साखळीत मध्येच कुणी फुकट पंप वाटले, की दुकानदाराचा माल पडून राहतो, पुढच्या वर्षी तो ठेवतच नाही आणि दुरुस्तीही बंद पडते.

याच्या उलट दक्षिण आफ्रिकेतला प्लेपंप. मुलांनी खेळताना चक्र फिरवायचं आणि टाकीत पाणी चढायचं, अशी कल्पना. २००६ साली त्याला मोठ्या देणग्या जाहीर झाल्या. पण मुलं खेळत नसत तेव्हा बायकांनाच ते जड चक्र फिरवावं लागे, बिघाड झाला तर गावात दुरुस्ती होत नसे, आणि काही ठिकाणी चालू हातपंप काढून तिथे हा बसवला होता. पैसे देणारे एकीकडे आणि पाणी भरणारे दुसरीकडे, असं झालं की चूक लवकर कळत नाही.

उमेदवाराला विचारा, की वापरणाऱ्यांच्या तक्रारीवरून तुम्ही वस्तूत नेमकं काय बदललं? उत्तर ठोस हवं: दांडा लांब केला, वॉशर बदलला, एकाच पान्याने उघडेल अशी जोडणी केली. 'लोकांना फार आवडलं' हे उत्तर नाही.

रानवाट:
दोघांचेही आभार. दोन शंका. आकडेमोड, लोकांचा विश्वास आणि तांत्रिक समज हे सगळं एका माणसात मिळेल का? आणि तो माणूस निघून गेला तर?

पायवाट:
एका माणसात मिळत नाही, आणि तसा आग्रह धरूही नका. खेडा जिल्हा दूध उत्पादक संघ १९४६ साली आणंदला सुरू झाला, तेव्हा दोन गावांच्या संस्था होत्या आणि रोजचं दूध सुमारे अडीचशे लिटर. शेतकऱ्यांचा विश्वास होता त्रिभुवनदास पटेलांवर. यंत्रं आणि व्यवस्थापन सांभाळणारे वर्गीस कुरियन १९४९ मध्ये आणंदला आले. हिवाळ्यात दूध इतकं वाढायचं की गिऱ्हाईक सगळं उचलत नसे. त्यावर उपाय म्हशीच्या दुधाची पावडर, आणि तिचं तंत्र बसवलं एच. एम. दलाया यांनी. १९५५ मध्ये पावडरीचा कारखाना उभा राहिला. पटेलांचा गुण माझ्या मते हा, की आपल्याला जे येत नाही ते येणारी माणसं त्यांनी टिकवली आणि त्यांच्या कामात ढवळाढवळ केली नाही.

त्या व्यवस्थेतली दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे मोजमाप. दूध दोन वेळा घ्यायचं, ते किती आहे आणि त्यात फॅट किती हे मोजायचं, त्यावर पैसे. एक म्हैस असलेल्याला आणि दहा असलेल्याला तीच रांग, तीच चाचणी. कुठल्याही धंद्यात भांडणाची पहिली ठिणगी वजनकाट्यावर किंवा नाकारलेल्या मालावर पडते. त्यासाठी माहीत असलेल्या वजनाचं माप काट्याशेजारी ठेवावं आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर काटा तपासावा. मंजूर नमुन्याच्या दोन प्रती सीलबंद कराव्यात, एक खरेदीदाराकडे, एक कारागिरांकडे. माल का नाकारला ते पावतीवर लिहावं. कच्चा मालच सदोष असेल तर नुकसान धंद्याने सोसायचं, कारागिराने नाही. हे आधी लेखी ठरवणारा उद्योजक सापडला तर त्याला सोडू नका.

दुसऱ्या शंकेसाठी स्पेनमधल्या मोंद्रागोन गावातला सहकारी संस्थांचा समूह पाहा. तिथे धर्मगुरू आरिस्मेंदियारिएता यांनी १९४३ मध्ये आधी तंत्रशाळा काढली. तिथून शिकून गेलेल्या पाच जणांनी १९५६ मध्ये पहिला सहकारी कारखाना उभा केला, १९५९ मध्ये स्वतःची पतसंस्था. सुरुवातीला सर्वाधिक आणि सर्वांत कमी पगारात तिपटीचाच फरक ठेवला होता. म्हणजे माणसं घडवायला तेरा वर्षं दिली, कारखाना नंतर. २०१३ मध्ये त्यांची घरगुती उपकरणांची मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या बऱ्याच कामगार-सभासदांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतलं. धंदा बुडाल्यावर माणसांचं काय, याची सोय संस्थापकाने आधीच करायची असते.

मोजपट्टी:
एक इशारा. उत्पन्न वाढलं की नाही हे एकूण आकड्यावरून ठरवू नका. नव्या कामातून घराला आठवड्याला ४० मिळाले, पण त्यासाठी ३५ची मजुरी सोडावी लागली, तर फायदा ५चाच. कच्चा माल आणि प्रवास वजा करून, कामाच्या तासांनी भागून, जुन्या कामाशी तुलना करा. हा हिशेब उद्योजकाने स्वतःहून मांडायला हवा.

आणि वेगाच्या मोहापासून दूर राहणारा निवडा. गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेची सुरुवात १९७६ मध्ये जोब्रा गावात झाली, ती ४२ जणांना मिळून ८५६ टका देऊन. बांबूची स्टुलं विणणाऱ्या बायका बांबूसाठी व्यापाऱ्याकडून पैसे घ्यायच्या आणि माल त्यालाच त्याने ठरवलेल्या भावाने द्यायच्या. नेमकी ती गाठ सोडवली. पुढे तोच छोट्या कर्जाचा मार्ग इतरत्र केवळ वाढीच्या मागे लागला, तेव्हा एकाच घरावर अनेक संस्थांची कर्जं चढली आणि २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सरकारला अध्यादेश काढावा लागला. वसुलीचा आकडा सुरेख दिसत असतानाच घरं एक कर्ज काढून दुसरं फेडत होती.

खतावणी:
रानवाट, आता निवडीची पद्धत. मुलाखत अर्धा तास पुरे, बाकी वेळ प्रत्यक्ष जागी घालवा.

आधी मागच्या आठ आठवड्यांचा रोजमेळ मागा, टंकलेला नको, रोज हाताने लिहिलेला असेल तोच. त्यात चुकाऱ्याची ठरलेली तारीख आणि दिलेली तारीख यांतला फरक काढा. मग उमेदवार सोबत नसताना सहा घरांना भेटा. घरं तुम्ही निवडा, त्यातली दोन काम सोडून गेलेल्यांची असू द्या. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न: भाव कोण ठरवतं, माल नाकारला तर कुणाकडे दाद मागता, मागचे पैसे कधी मिळाले? घराघरांत उत्तरं जुळली नाहीत तर नियम फक्त उद्योजकाच्या डोक्यात आहेत असं समजा.

शेवटी उमेदवाराला दोन आठवडे कामापासून दूर राहायला सांगा, फोनही नाही. त्या काळात चुकारा कुणी केला, सही कुणाची होती आणि किती उशीर झाला ते पाहा. निधीचा पहिला हप्ता एकूण रकमेच्या पाचव्या भागाहून जास्त ठेवू नका, आणि दुसरा हप्ता विक्रीच्या आकड्याला न बांधता वेळेवर झालेल्या चुकाऱ्यांच्या टक्केवारीला बांधा.