गॅसचा हिशोब राहू द्या, आधी गाळाचं बोला

तापीकाठचा: काल फैजपूरला टपरीवर पुन्हा तेच. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात 'जळता बर्फ' आहे, म्हणजे हायड्रेट, बर्फासारख्या पाण्याच्या पिंजऱ्यात अडकलेला मिथेन गॅस; एक घनमीटर हायड्रेटमधून साधारण १६४ घनमीटर गॅस निघतो, मग देश का थांबलाय?

माझ्या मते थांबलाय ते बरंच आहे. गॅस कमी आहे म्हणून नव्हे, गाळाचा भरवसा नाही म्हणून. वाळूच्या कणांमध्ये हायड्रेट भरलं की ते कणांना टेकू देतं. थर कडक होतो, ध्वनिलहरी त्यातून जोरात पळतात, वीजरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो; त्यावरूनच हायड्रेट किती ते ताडतात. दाब उतरवून गॅस सोडवला की टेकूच गेला. उरतं पाणी आणि सुटी वाळू. आमच्या यावल-रावेरकडे ट्यूबवेलची जाळी चुकली की पंप वाळू ओकतो, तसंच. जपानने २०१३ मध्ये त्यांच्या नानकाईच्या समुद्रात हेच भोगलं, सहाव्या दिवशी वाळूने काम बंद.

केळीवाला_रावेर: जाळी चुकली म्हणून ट्यूबवेल सोडली का भो? जपानने २०१७ मध्ये परत केलं. एक विहीर वाळूनेच अडली, पण दुसरी २४ दिवस चालली, वाळूचा त्रास नाही. चीनने तर २०२० मध्ये दक्षिण चीन समुद्रातल्या शेनहूच्या चिकट गाळातून आडव्या विहिरीने ३० दिवसांत ८.६ लाख घनमीटर काढले.

तापीकाठचा: म्हणजे दिवसाला २९ हजार. भर समुद्रात जहाज उभं करून एवढाच? डिझेल तरी सुटेल का?

काळी_कसदार: तुम्ही दोघं वाळू आणि चिकणमाती एकाच घमेल्यात कालवताय. माती तपासणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून बोलते. २००६ च्या भारताच्या हायड्रेट-शोध मोहिमेत कृष्णा-गोदावरीत एके ठिकाणी सुमारे १३० मीटर जाडीचा थर सापडला, तो चिकणमातीत. तिथे हायड्रेट कणांमध्ये नाही, भेगांमध्ये बसलंय. मे महिन्यात आपल्या काळ्या रानाला पडतात तशा भेगा डोळ्यांपुढे आणा, आत बर्फ. त्या उभ्या भेगांनी वीजरोधाचा आकडाही फसवला: पोकळीचा ८० टक्क्यांपर्यंत भाग हायड्रेटने भरलेला वाटला, आणि दाब धरून वर काढलेल्या नमुन्यांत निघाला जेमतेम पाव. दाब न धरता नमुना आणला तर हातात येते थंडगार लापशी. तिची ताकद मोजून काय करणार?

केळीवाला_रावेर: पण २०१५ च्या मोहिमेत वाळूचे थर मिळालेच ना? तिथून काढा.

काळी_कसदार: मिळाले, चांगले भरलेले. पण हायड्रेटने पोकळ्या बुजल्यात, दाबातला उतार आत पोचायला वेळ लागतो. शिवाय हायड्रेट सुटताना उष्णता ओढतं, थर गारठतो. जपून नाही केलं तर पुन्हा गोठतं.

तापीकाठचा: ठीक, मी एक पायरी खाली येतो. वाळूच्या थरात छोटी चाचणी करा. चिकणमातीला हात नको.

काळी_कसदार: दादा, ते वाळूचे थर चिकणमातीच्याच मधे आहेत.